अड्यारचे चक्रधर

अड्यारला स्थायिक झालेला मराठी माणूस निवृत्तीनंतर तिघांपैकी एक होतो: कर्नाटक संगीताला चुकीच्या जागी मान डोलावणारा, गोडा मसाला घालून सांबार सुधारू पाहणारा, नाहीतर टायरवाला. पहिले दोघे निरुपद्रवी. टायरवाला म्हणजे टायर विकणारा नव्हे. विकणाऱ्याला दुपारी जेवणाची सुट्टी तरी असते.

कस्तुरबा नगरातल्या आमच्या टायरवाल्याला आम्ही चक्रधर म्हणतो. चारचौघे "काय, कसं काय?" हे तोंडाकडे बघून विचारतात; चक्रधर तुमच्या डाव्या पुढच्या चाकाकडे बघून विचारतात. मग गुडघ्यांना बजावत उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे मोठ्याने वाचतात. "चौदा अठरा. म्हणजे सन 2018, चौदावा आठवडा. एप्रिलचा जन्म!" हे ते अशा सुरात म्हणतात की गाडीच्या मालकाला उगीचच अपराधी वाटावं. त्यानंतर खिशातून रुपयाचं नाणं निघतं आणि टायरच्या खाचेत जातं. खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हा नियमच आहे. पण चक्रधरांचा चेहरा तीन मिलिमीटरपासूनच पडायला लागतो.

हे सगळं सोसता येतं. खरा प्रसंग ओढवतो तो गाडीला दोन कंपन्यांचे टायर सापडले की. मग ते बसलेले उठतात आणि थेट मालकाच्या घरची बेल वाजवतात.

लग्नाआधी पत्रिका बघावी तसे चक्रधर एका आसावरचे दोन टायर जुळवून बघतात. माप एक, कंपनी एक, नक्षी एक, भार आणि वेगाचा आकडा एक, झीजही एकसारखी. यातला एक गुण कमी पडला तरी संबंध मोडायचा. यात तथ्य आहे हे कबूल करायला हवं. दोन कंपन्यांचं माप कागदावर एकच असलं तरी रबराचं मिश्रण निराळं, नक्षी निराळी, कडेचा ताठपणा निराळा. कोरड्या रस्त्यावर ते जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला, की एक चाक रस्ता धरतं आणि दुसरं विचार करत बसतं. पुढे एक जोडी आणि मागे दुसऱ्या कंपनीची जोडी असेल तर चक्रधर नाक मुरडतात, पण जेवतात त्या घरी. एकाच आसावर डावा-उजवा वेगळा असेल तर चहासुद्धा घेत नाहीत.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे, हे त्यांचं दुसरं सूत्र, आणि ते कुणालाच पटत नाही. सगळ्यांना वाटतं, पुढची चाकं वळतात, म्हणजे चांगले टायर पुढे हवेत. हे समजावताना चक्रधर हॉटेलातला डबरा, म्हणजे कॉफीची वाटी, टेबलावर गोल फिरवतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, माणूस घाबरून पाय उचलतो आणि बहुधा सावरतो. मागची घसरली तर गाडी शेपटाकडून फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. इथवर येईतो कॉफी फिल्टरात परत गेलेली बरी अशी टेबलाची अवस्था झालेली असते. वेटर शांतपणे फडकं आणतो. त्याला हे प्रात्यक्षिक पाठ आहे.

चेन्नईत पाऊस जूनचा नव्हे, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तोच चक्रधरांचा हंगाम. 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदी रस्त्यांवर आली, तेव्हापासून तर त्यांच्या शब्दाला वजन आलंय. लॅटिस ब्रिज रोडवरच्या टायरच्या दुकानात ते शिरले की फिटरची पोरं एकमेकांना कोपर मारतात. चाळीस वर्षांत चक्रधरांना जमलेलं तमिळ म्हणजे 'कात्तु' आणि 'वेण्डाम': हवा आणि नको. एवढ्यावर ते तासभर वाद घालू शकतात. शेवटी दुकानदार "परवायिल्लै, सार" म्हणतो, म्हणजे असू द्या, चालतंय. आणि चक्रधरांचा रक्तदाब तिथेच चढतो.

गंमत अशी, की टायरच्या बाबतीत एवढा सोवळा माणूस घरात अगदी उलटा. बायको तंजावरची मराठी, सून बंगाली, जावई कोट्टायमचा मल्याळी. एकाही लग्नात त्यांनी हूं की चूं केलं नाही. रोज पहाटे फिरायला जातात ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात. जात, धर्म, वर्ण न बघता विश्वबंधुत्व साधायचं हे उद्दिष्ट घेऊन ही मंडळी 1882 पासून अड्यारला आहेत. इथल्याच रुक्मिणी देवींनी 1920 मध्ये जॉर्ज अरुंडेल या इंग्रजाशी लग्न केलं तेव्हा मद्रास हादरलं होतं. चक्रधर ही गोष्ट पाहुण्यांना अभिमानाने सांगतात आणि सांगता सांगता पाहुण्याच्या गाडीचं मागचं चाक बघून किंचाळतात.

त्यांना खिंडीत गाठलं ते जावयाने. त्याच्या घरची रबराची बाग आहे. एका रविवारी जेवणानंतर तो म्हणाला, "बाबा, टायरच्या आत काय असतं ते बघितलंत का? आमच्याकडचा चीक. त्या झाडाचं बी मूळचं ब्राझीलचं, 1876 मध्ये इंग्रजांनी लंडनमार्गे आशियात आणलेलं. त्यात खनिज तेलापासून केलेलं कृत्रिम रबर. वजनाचा साधारण चौथा हिस्सा काजळी आणि सिलिका. काजळी नसती तर टायर पांढुरका दिसला असता आणि लवकर झिजला असता. मग पॉलिएस्टरचे धागे, पोलादाची तार, जस्ताचं भस्म, आणि हे सगळं बांधून ठेवायला गंधक. ती युक्ती 1839 ची, चार्ल्स गुडइयरची. आणि गुडइयर कंपनीशी त्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही, तो कर्जात मेला. एवढा सगळा आंतरजातीय संसार एका टायरात, आणि तुम्ही दोन टायरांना शेजारी बसू देत नाही?"

चक्रधरांनी ताकाचा पेला संपवला. म्हणाले, "आतली भेसळ कंपनीने मोजून, भाजून, तपासून केलेली असते. बाहेरची तू करतोस, दुकानात, सवलत बघून." उत्तर चोख होतं. जावई गप्प बसला.

पण त्यांचंही एक दुखरं ठिकाण आहे. जन्म भांडुपचा, सिएटच्या कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेला. म्हणून सिएट त्यांना घरची वाटते, ती मूळ इटलीतल्या तुरीनची असली तरी. नोकरी मात्र मद्रासला, आणि मद्रासमध्ये एम. आर. एफ. म्हणजे दैवत. मम्मेन मप्पिळ्ळै यांनी 1946 मध्ये तिरुवोत्तियूरला फुगे बनवायला सुरुवात केली, आणि त्याच फुग्यांच्या कारखान्याचं नाव पुढे तेंडुलकरच्या बॅटवर आलं, हे सांगताना चक्रधरांचा आवाज भरून येतो. भांडुप की तिरुवोत्तियूर, हा निर्णय त्यांना आयुष्यभर जमलेला नाही. म्हणून त्यांच्या स्वतःच्या गाडीला पुढे सिएट आणि मागे एम. आर. एफ. आहे. विचारलं तर म्हणतात, "आस वेगळे आहेत. शास्त्रात बसतं."

तेव्हा अड्यारला आलात आणि आमच्याकडे यायचं झालं, तर गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावा आणि चालत या. रिक्षाने येऊ नका. रिक्षाला तीन टायर असतात, आणि तिसऱ्याची जोडी कुणाशी लावायची यावर चक्रधरांचं बोलणं अजून संपलेलं नाही.