पिकाचूचं वय काय?

"मामा, पिकाचू म्हातारा कधी होणार रे?" भाचीनं विचारलं. तोंडात वरणभाताचा घास, डोळे टीव्हीवर. "आधी गिळ," म्हणून मी वेळ मारून नेली, पण प्रश्न माझ्याच घशात अडकला.

पिकाचू हा पोकेमॉन, म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, खिशातला राक्षस. जपानमध्ये पोकेमॉनची टीव्ही मालिका एप्रिल १९९७मध्ये सुरू झाली, तेव्हा नायक अ‍ॅश दहा वर्षांचा. २०२३मध्ये त्याची गोष्ट संपली तेव्हाही दहाच. त्याच्या बरोबरीची पोरं तोवर गृहकर्जाचे हप्ते भरायला लागली. पिकाचूच्या कानांची काळी टोकं मात्र काळीच. कलप लावत असावा.

मूळ गेम रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. आपल्या राक्षसांनी मरायचं नाही, फार तर बेशुद्ध पडायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. दवाखान्यात न्यायचं, घटकाभरात पठ्ठ्या टुणटुणीत. बिलसुद्धा नाही!

पण मरण मागच्या दारानं आत आलंच. पहिल्याच गेममधल्या लॅव्हेंडर टाउन गावात पोकेमॉनच्या थडग्यांचा अख्खा मनोरा आहे. क्युबोन नावाचं पिल्लू तर मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून हिंडतं. पोरांच्या खेळात हे घालणाऱ्याला धीट म्हणावं की खोडसाळ, माझं अजून ठरलेलं नाही.

आणि मग मालिकेतला २०१७मधला तो भाग. स्टाउटलँड हा झुबकेदार मिशांचा म्हातारा कुत्रा, त्याच्या आसऱ्याला लिटन नावाचं मांजराचं पिल्लू. म्हातारा खोकतो, धापा टाकतो, आणि तिकडे झाडाची पानं गळत जातात. शेवटचं पान पडतं. पुढे दिसते ती त्याची रिकामी जागा आणि पावसात बसलेलं लिटन. मी उठून उगाच पाणी प्यायलो.

म्हणजे राक्षस म्हातारे होतात, मरतातही. पण पाहुणे कलाकार असले तरच. नायकाच्या खांद्यावर बसणाऱ्या पिकाचूला सूट. वशिला कुठेही चालतो.

भाचीला मी सांगितलं, "नाही होणार तो म्हातारा." तिनं समाधानानं पुढचा घास घेतला. पडद्यावर 'पिका, पिका' चाललं होतं. हा आवाज पहिल्या भागापासून इकुए ओतानी या बाईंचा आहे. त्यांचा जन्म १९६५चा.