नानांची जावा आणि गल्लीभर धूर

वहिनी, परवा सकाळी धुराचं विचारत होतात ना? डासांची फवारणी नव्हती हो ती. आमच्या शेजारच्या नानांची जावा चालू झाली होती!

वडिलांची गाडी त्यांची. म्हैसूरला बनायची ती. १९६१ ला तिथला कारखाना सुरू झाला आणि १९७३ पासून टाकीवर येझदी नाव आलं, म्हणजे ही त्याच्या आधीची. किक आणि गिअर एकाच दांड्यात. इतकी वर्षं पोर्चमध्ये पडून पिस्टन जाम. नाना रिटायर झाले आणि काम काढलं तेही थेट फुल इंजिन! बँकेत जन्म गेला, स्टेपलरपलीकडे हत्यार माहीत नाही. नानींचं इडलीपात्र गेलं त्यात. एकेका खळग्यात नटबोल्ट आणि वर चिठ्ठ्या: 'डावं कव्हर', 'डायनामो', 'हे कुठलं?'

हसू नका. ती शेवटची चिठ्ठी मी स्वतः वाचली.

बोअर करायला सिलिंडर घेऊन नागापूर एमआयडीसीत गेले, तर लेथवाल्यानं दारातूनच परत पाठवलं. आधी पिस्टन आणा म्हणे, मग त्याच्या मापानं बोअर. बरोबरच आहे, ब्लाउज शिवायचा तर कापड आधी लागतं. अर्धा एमएम ओव्हरसाइझ पिस्टन मिळवला, बोअर झाला, क्रँक दाबून आणला, कनेक्टिंग रॉड नवा, बेअरिंगं नवी, सीलं नवी. पॅकिंगचा कागद केसिंगवर ठेवून हातोडीनं हलके ठोके देत नानांनी स्वतः कापला. तिन्हीसांजेची ती टकटक ऐकून आमच्या सासूबाई चिडायच्या.

आणि एवढं करून पहिल्याच किकला चालू झाली ती हा असा पांढरा लोट सोडत!

मग काय, गल्ली जमली. नगरमध्ये ज्याच्या घरी लूना होऊन गेली तो प्रत्येक जण मिस्त्री. एक म्हणतो, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं. दुसरा म्हणतो, कार्बुरेटर खोला. तिसऱ्यानं तर नवा पिस्टनच नकली ठरवला. शेवटी आले ते कोपऱ्यावरचे काका, दौंड रोडच्या किनेटिकमधून रिटायर झालेले. बोलले काहीच नाहीत. धुराचा वास घेतला, गिअरबॉक्सचा स्क्रू काढून बघितला, तर ऑइल खाली गेलेलं. म्हणाले, 'क्लचकडचं सील बघा. टू-स्ट्रोकला खालची क्रँककेसच पेट्रोल-हवा ओढते. तिथं सील पकडत नसेल तर इंजिन गिअरचं ऑइल पिणारच.'

इंजिन पुन्हा खाली. सील नवंच होतं हो, पण उलटं बसवलेलं, ओठ भलत्या बाजूला! मोबाइलवर बघून बघून केलं होतं सगळं, आणि त्या व्हिडिओवाल्यानं नेमकं तेवढंच दाखवलं नव्हतं. माझं म्हणाल तर नाना काकांकडे चार घरं चालून आधीच गेले असते तर इंजिन दोनदा उतरवावं लागलं नसतं. पण रिटायर झालेल्या मॅनेजरनं विचारायचं कुणाला!

आता धूर नाही. पंपावर टू-टी ऑइलचं मशीन दिसत नाही हल्ली, म्हणून बाटली डिकीत ठेवतात आणि लिटरला ४० मिली मोजून घालतात. रिंगा बसेपर्यंत गाडी पळवायची नाही, असं काकांनी बजावलंय. मागच्या सीटवर बसायला नानी अजून तयार नाहीत, आणि इडलीपात्र त्यांनी नवीन घेतलंय.