दुसऱ्या फेरीत काय मिळेल?

न्यू जर्सीत रविवारी दुपारी कुठल्याही मराठी घरी जेवायला गेला असाल, तर सोफ्याच्या उजव्या टोकाला, रिमोट मांडीखाली दाबून बसलेला एक गृहस्थ तुम्हाला भेटलेला असणारच. अंगात न्यूयॉर्क जायंट्सची निळी जर्सी, हातात ताट आणि तोंडात कुणाला तरी विकून टाकायचा प्रस्ताव. एडिसनच्या आमच्या नमुन्याला आम्ही जीएम म्हणतो, म्हणजे जनरल मॅनेजर. संघ त्यांचा नाही, पैसा त्यांचा नाही. पण सप्टेंबर लागला की कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं याचे निर्णय त्या सोफ्यावर होतात. ते मालकांपर्यंत पोचत नाहीत, यात जीएमचा काय दोष?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी कॉलेजमधली पोरं संघांना वाटून देतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या सात फेऱ्या असतात, आणि आपली पाळी, म्हणजे पिक, दुसऱ्या संघाला देऊन त्याच्याकडचा खेळाडू घेता येतो. एवढं समजलं की जीएम समजले. कारण हे चलन त्यांनी फुटबॉलपुरतं ठेवलेलंच नाही. गणपतीच्या जेवणातली अळूची भाजी चाखून ते म्हणतात, "चौथी फेरी. बेंचवर ठेवायला ठीक." गेल्या वर्षी मंडळाकडे तीन तबलजी जमले आणि पेटीवाला एकही नाही. भर बैठकीत जीएमनी सुचवलं, "फिलाडेल्फियावाल्यांकडे दोन पेट्या आहेत. एक तबला आणि वर पाचव्या फेरीचा पिक देऊन एक पेटी उचला." ज्याला द्यायचं ठरत होतं तो तबलजी शेजारीच चहा पीत होता. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, पत्रिका सगळं ऐकून घेऊन जीएमनी एकच प्रश्न विचारला, "गुडघ्याचा एमआरआय आहे का?" लग्न जमलं. पण स्वागत समारंभातही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा मुलगा पहिल्या फेरीत घ्यायची गरज नव्हती, दुसऱ्या फेरीपर्यंत नक्की शिल्लक राहिला असता.

सगळ्यांत जास्त त्यांचा जीव जडला आहे तो रनिंग बॅकवर. चेंडू पोटाशी धरून समोरच्या अकरा आडदांडांच्या भिंतीत मुसंडी मारायची, हा या माणसाचा धंदा. दर धावेमागे चार यार्ड मिळाले तर बरा, पाच मिळाले तर देव. आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला की म्हातारा. बाकीच्या जागांवरची माणसं त्या वयात नवे करार मागतात, याला नव्या घराचे हप्ते कसे भरायचे याची काळजी लागते.

जीएमची पोथी आहे १९८९ची. डॅलस काउबॉईजनी हर्शेल वॉकर हा आपला हुकमी रनिंग बॅक मिनेसोटा व्हायकिंग्जना दिला आणि बदल्यात खेळाडू आणि ड्राफ्ट पिक यांची अक्षरशः रास घेतली. वॉकरनं पहिल्याच सामन्यात १४८ यार्ड काढले, मिनेसोटात दिवाळी झाली. मग तो थंडावला. इकडे डॅलसनं त्या राशीतून संघ उभा केला, १९९०मध्ये एमिट स्मिथ घेतला आणि पुढं तीन सुपर बोल जिंकले. ही कथा जीएम सत्यनारायणासारखी सांगतात, आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी तात्पर्य एकच: "बॅक विकावा. मोहात पडू नये." कुणी २०२२चा दाखला काढला, की सॅन फ्रान्सिस्कोनं चार पिक मोजून ख्रिश्चन मॅकॅफ्री आणला आणि पुढच्याच वर्षी तो लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, तर जीएम एकदम श्रीखंडाकडे वळतात. "याला केशर कमी आहे. तिसरी फेरी."

त्यांचे प्रतिपक्षी म्हणजे चेरी हिलचे एक कोल्हापूरकर. दक्षिण जर्सीत राहत असल्यामुळे ते फिलाडेल्फिया ईगल्सचे. दोघांची जुंपली की जीएमच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, टीव्हीचा आवाज वाढवतात. विषय नेहमी साक्वॉन बार्कली. जायंट्सनी हा २०१८च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतला. दुसऱ्या फेरीत नव्हे, अख्ख्या ड्राफ्टमध्ये दुसरा! पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला, तेव्हा जीएम सव्वीस नंबरची जर्सी घालून देवदर्शनाला गेले होते. २०२०मध्ये त्याचा गुडघा गेला आणि जीएमनी त्याला विकायला काढला.

"३.९!" २०२३च्या मोसमानंतर जीएम कडाडले. "दर धावेमागे ३.९ यार्ड. एवढं तर मी आमच्या ड्राइव्हवेत काढेन, तेही बर्फात."

"अहो, पुढची लाईन बघा की जरा," कोल्हापूरकर म्हणाले. "वाट मोकळी करणारं कोण हाय? गडी एकटा काय करंल?"

"अदलाबदलीच्या डेडलाइनला दुसऱ्या फेरीचा पिक घेऊन द्यायला हवा होता!"

"मग आता आम्हाला फुकट द्या."

आणि मार्च २०२४मध्ये तसंच झालं. करार संपला, बार्कली उठला आणि फिलाडेल्फियाला गेला. टर्नपाइकवरून दोन तासांच्या आत! तो तिकडं गेला तर आपल्याला झोप लागायची नाही, अशा अर्थाचं खुद्द मालक जॉन मारा टीव्हीवरच्या मालिकेत बोलून बसले होते. २० ऑक्टोबरला तो परत मेटलाइफ स्टेडियमवर आला, १७६ यार्ड पळाला आणि जायंट्स २८-३नं आडवे झाले. मोसमाअखेर २,००५ यार्ड, दर धावेमागे ५.८. एरिक डिकरसनचा १९८४चा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे असताना ईगल्सनी त्याला शेवटच्या सामन्यात बसवून ठेवला. तो सामना जायंट्सशीच होता. तेवढ्यावर जीएमनी समाधान मानलं.

माणूस असा बाजारात मांडायची ही सवय कुठून आली, हे मी एकदा वहिनींना विचारलं. त्या ताटं पुसत म्हणाल्या, "यांचं स्वतःचं काय झालं मग?" आणि मला एकदम उजेड पडला. जीएम इथं आले ते वायटूकेच्या धामधुमीत, कोबोल घेऊन, एका कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर. हार्टफर्डला विमा कंपनीत वर्षभर, मग शार्लटला बँकेत, मग जर्सी सिटीला. प्रत्येक वेळी शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा आणि सोमवारी नव्या गावात हजर. कंपनी त्यांच्या तासाचे किती घेते आणि त्यांच्या हातावर किती ठेवते, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. मधल्या काळात बेंच. मुलीनं तीन वर्षांत तीन शाळा बदलल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांची नोकरी गेली. वय पंचावन्न. त्यांचं काम हिंजवडीतल्या दोन तरुणांकडे गेलं, आणि त्या दोघांना ते शिकवून द्यायला जीएमनाच सहा आठवडे थांबवून घेतलं. आम्ही चार जण सांत्वनाला गेलो. त्यांनी चहा दिला आणि स्वच्छ सांगितलं, "बरोबर केलं त्यांनी. या वयाचा बॅक कोण ठेवतो? शिवाय पगाराच्या मर्यादेतली कॅप स्पेस मोकळी झाली." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पोरं हुशार आहेत हो दोन्ही. एक तर पहिल्या फेरीचा." त्या पोराशी ते अजून फोनवर बोलतात. तो रात्री अडकला की यांना उठवतो, आणि हे बिनपगारी उठून त्याला जुना कोड समजावतात.

मला हा गृहस्थ आवडतो असं मी लिहून देणार नाही. त्यांनी माझ्या घराच्या वास्तुशांतीला माझ्या भटजींना सहावी फेरी दिली होती. पण ९ फेब्रुवारी २०२५ला, बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल जिंकला, तेव्हा मी त्या सोफ्याच्या डाव्या टोकाला होतो. कोल्हापूरकर नाचत होते. जीएमच्या अंगात जाड स्वेटर होता. हिटर चालू असलेल्या घरात स्वेटर कशाला म्हणून मी पाहिलं, तर गळ्याशी निळी कड दिसली. जायंट्सची सव्वीस नंबरची, तीच जुनी. वहिनी म्हणाल्या, दर रविवारी आतून तीच असते, टाकू देत नाहीत.

"अठ्ठावीस पूर्ण," जीएम पडद्याकडं बघत म्हणाले. "आता घसरण सुरू. ईगल्सनी उद्याच विकावा."

तेव्हा एडिसनकडं आलात तर त्यांच्याकडं जरूर जा. वहिनींच्या चकल्यांना अख्ख्या जर्सीत तोड नाही. फक्त ट्रेड डेडलाइनच्या मंगळवारी चारच्या आत फोन करू नका. उचलायचे नाहीत.