तुकड्यातुकड्यांची गिटार: नवशिक्यांसाठी

सुरुवात हिशेबाने करावी. कोऱ्या वहीत बॉडी, नेक, पिकअप, ब्रिज, खुंट्या असे रकाने पाडा, प्रत्येकापुढे अंदाजे रक्कम लिहा आणि बेरीज तयार गिटारपेक्षा कमी आली की घरी दाखवा. मग वही माळ्यावर टाका. तिचं काम संपलं.

आदर्श मोठे ठेवावेत. एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून 'ब्लॅकी' बनवली. २००४ साली ती लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. घरी एवढंच सांगा. मधली बरीच वर्षं ती क्लॅप्टनने वाजवली होती, हा फाटा नको. एडी व्हॅन हेलनची गोष्ट जास्त धीर देणारी. ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरचा नेक, गिब्सनमधून उपसलेला पिकअप आणि बाकीच्या वायरी कशा जोडायच्या ते न उमगल्यामुळे नुसतं व्हॉल्यूमचं एक बटण. तेव्हा वायरिंग येत नाही म्हणून खचू नये. त्याला उरलेलं येत होतं, एवढाच फरक.

आता सोयरीक. बॉडी एकीकडची, नेक दुसरीकडचा, दोन्हीवर 'स्ट्रॅट' लिहिलेलं. नेकची टाच सुमारे ५६ मिलिमीटर रुंद असते आणि बॉडीतली खाच तेवढीच हवी. तेवढीच म्हणजे किती, यात तीन रविवार जातात. खाच तंग वाटली तर पॉलिश पेपरने हळूहळू घासा. हळूहळू म्हणजे मी घासली त्याच्या एक दशांश. माझा नेक तिरका बसला आणि पहिली तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरू लागली. दोन महिने मी ती फार हळुवार छेडत होतो. पाहुण्यांना ती शैली वाटली. शेवटी दुसरा नेक मागवला. तो घरी आला त्या दिवशी कळलं, की तारा चढवलेल्या असतानाच चारही स्क्रू किंचित सैल करून नेक बाजूला ढकलला की काम होतं.

ब्रिजच्या बाबतीत मात्र थट्टा नको. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, स्ट्रॅटवर ३२४ मिलिमीटर, तेवढंच पुढे सॅडलपर्यंत. जाड तारांना थोडं जास्त. चुकीचं भोक टूथपिक आणि फेविकॉलने बुजतं. माझ्याकडे टूथपिकची डबी संपत आली आहे.

बटणांखालचे पॉट सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओमचे, हमबकर पिकअपला ५०० चे. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मागताना 'ए' लिहिलेलेच मागा. 'बी' गळ्यात पडला तर बटण फिरवत राहिलात तरी आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. जॅकच्या वायरी आधी बॉडीच्या भोकातून ओवा, मग डाख लावा. क्रम उलटा झाला तर डाख काढायचाही सराव होतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर जोडणी बरोबर. वाढली तर जॅकवर वायरी उलट्या लागल्यात.

रंगकाम पावसाळ्यात काढू नका. बाकी काही नाही.

शेवटी टेबल आवरा. माझ्याकडे एक नेक, दोन 'बी' पॉट आणि पाच खुंट्या उरल्या. बॉडी तेवढी नाही. ती वही माळ्यावर नेमकी कुठे टाकली होती?