आडवे चार, उभे नऊ

नेवाशाच्या त्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी 1290 मध्ये नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या उतरवून घेतल्या. एवढा खटाटोप कशासाठी, हे कळायला मराठी माणसाला शब्दकोड्याची वाट पाहावी लागली. ‘आडवे 4 : नेवाशात सांगितलेली गीतेवरील टीका, अक्षरे चार.’ नगरच्या एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आत ग्रंथ संपतो आणि चहाही गरम असतो.

ही अध्ययनपद्धती स्तुत्यच म्हणावी लागेल. गीतेचे 700 श्लोक दोन घरांत बसतात. अमृतानुभवाला मात्र सहा लागतात. अवघड ग्रंथ म्हणतात तो उगाच नव्हे. ‘उभे 9 : मानवी जीवनाचे अंतिम ध्येय’ हे तर साधनेविनाच साध्य होते. त्यातला ‘क्ष’ ‘नाशिकचे प्रसिद्ध फळ’ या आडव्या शब्दातून आयता येतो, मग ‘मो’ तेवढा शोधायचा. ज्यांनी मूळ ग्रंथ उघडले, त्यांची कोडी अर्धवट राहिलेली दिसतात. विद्यापीठांनी याची गंभीर दखल घ्यावी.

पुणतांब्याच्या चांगदेवांना ही युक्ती सुचली नाही, याची हळहळ वाटते. त्यांनी म्हणे ज्ञानदेवांना नुसता कोरा कागद धाडला आणि 65 ओव्यांचे उत्तर ओढवून घेतले. त्यावर चौकटी आखून दोन-चार घरे काळी केली असती, तर उत्तर दुसऱ्या दिवशी राशिभविष्याच्या खाली, उलटे छापून मिळाले असते.