मुलांच्या नावानं गडावर

पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाचा रविवार अगदीच मोकळा निघाला की घरातलं कुणीतरी जाहीर करतं, ‘मुलांना इतिहास दाखवायला हवा.’ या वाक्याला विरोध करायची सोय महाराष्ट्रात नाही. मॉलला नको म्हणता येतं, सिनेमाला म्हणता येतं. इतिहासाला नको म्हटलं तर घरातल्या घरात मोर्चा निघेल. मुलांना विचारायचा प्रश्नच येत नाही, कारण सगळं त्यांच्यासाठीच चाललेलं असतं.

मग सिंहगड ठरतो. राजगड का नाही? तिथे चढावं लागतं. तोरण्याचंही तेच. रायगडाला रोपवे आहे, पण रायगड लांब. सिंहगडावर गाडी थेट वर जाते आणि वर गरम पिठलं-भाकरी मिळते. या दोन ऐतिहासिक कारणांपुढे सह्याद्रीतला एकही किल्ला टिकत नाही.

शहरातून तीसेक किलोमीटरचा रस्ता. खडकवासल्याला कणीस खायला थांबायचं, कारण परंपरा. पुढे घाट सुरू होतो आणि संपत मात्र नाही. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘राजे’ लिहिलेलं, तिच्या पुढच्या गाडीवर वाघाचा पंजा, आणि तिन्ही गाड्यांत मिळून एकच गोष्ट चाललेली: बाबा तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम सांगताहेत. मोबाइलला रेंज नाही, मुलं पट्ट्यात बांधलेली. यापेक्षा चांगला श्रोता आजच्या बापाला आयुष्यात मिळणार नाही.

‘४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. काळोख मिट्ट. तानाजीनं यशवंती घोरपडीला दोर बांधला...’

‘बाबा, घोरपडीचं वजन किती असतं?’

‘असेल पाच-सहा किलो.’

‘आणि माणसाचं?’

‘तू मध्ये मध्ये बोलू नकोस.’

हा प्रश्न विचारणारं पोर सात वर्षांचं असतं आणि त्याला गप्प बसवलं जातं. आता गंमत पाहा. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली, तिच्यात या मोहिमेत घोरपड कुठेच नाही. दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडली आणि तिच्यावरून तीनशे माणूस चढलं, असं तो सांगतो. घोरपड नंतर पोवाड्यातून आली आणि तिथून गाडीच्या मागच्या सीटपर्यंत. म्हणजे कड्यावर नुसत्या हातापायांनी चढणारी दोन माणसं हा खरा थरार मुलांपासून लपवून आपण त्यांना घोरपडीची शेपटी धरायला लावतो. वर अपेक्षा अशी, की पोरांनी शंका काढू नये.

पुढच्या वळणावर आजोबा सूत्रं हाती घेतात. ‘आपल्या किल्ल्यांना युनेस्कोचा दर्जा मिळालाय, माहितीये ना?’ माहीत असतं. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्या आठवड्यात आजोबांनी तो निरोप घरच्या गटावर रोज एकदा पाठवला होता. नात शाळेत सामान्यज्ञानाच्या परीक्षेला बसलेली असते. ती बोटांवर मोजत यादी म्हणते: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतली जिंजी. सिंहगड? नाही. गाडीत शांतता पसरते. ‘असं कसं नाही?’ असं आजोबा तीन वेळा विचारतात आणि मग ठरवतात, की यात राजकारण आहे.

गाडीला जागा मिळाली की मुलांच्या कार्यक्रमाला सुरुवात. हल्ली नुसतं नेऊन भागत नाही, उपक्रम लागतो. ‘एक दिवस मावळा’ या छापाची शिबिरं आता जागोजाग निघाली आहेत. पैसे भरा, त्यात फेटा, प्लॅस्टिकची ढाल, रंगवायला किल्ल्याचं चित्र, नाश्ता आणि प्रमाणपत्र. मावळ्यांना खऱ्या मोहिमेत यातलं काहीच मिळालं नव्हतं, प्रमाणपत्र तर नाहीच. कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे ‘गड जिंकणे’. इथे मराठी पालकाचा खरा कस लागतो. प्रत्येक आईला आपला मुलगा तानाजी हवा. अकरा पोरांत अकरा तानाजी होतात. शत्रूचा किल्लेदार उदयभान व्हायला कुणी तयार नाही, तेव्हा त्या जागी शिबिराच्या चालकाला उभं करतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी होणार का, असं एकाला विचारलं तर त्याची आई म्हणते, ‘आम्ही पूर्ण फी भरलीये.’

परंपरेनं चालत आलेली कथा अशी आहे, की तानाजी पडल्यावर माणसं माघारी पळू लागली, तेव्हा सूर्याजीनं दोर कापल्याचं बजावून त्यांना मागे वळवलं आणि गड घेतला. दुय्यम भूमिका म्हणून पालक जी नाकारतात, ती जिंकणाऱ्याची आहे. पण ‘दुसरा नंबर’ हा शब्द आपल्या सोसायटीत फक्त शेजाऱ्याच्या मुलाला लागू असतो. शेवटी अकरा तानाजी एका चालकावर तुटून पडतात, दोन ढाली मोडतात, फेटे सुटतात, आणि शेलारमामांच्या जागी बसवलेले आजोबा पाणी मागतात.

या सगळ्या गोंधळात खरी मौज बाजूला एका टाक्यापाशी चाललेली असते. एक मुलगी देवटाक्याच्या काठावर पालथी पडून आत बघते आहे. तिचे प्रश्न असे: एवढ्या उंचावर पाणी आलं कुठनं? गडावरची सगळी माणसं हेच प्यायची? घोडेपण? उन्हाळ्यात संपायचं नाही का? आणि मग, आवाज अजिबात कमी न करता, ‘आई, ते सगळे शी कुठे करायचे?’

‘हळू बोल,’ आई म्हणते.

का हळू? रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दुर्गांवर लिहायला घेतलं तेव्हा पाण्याचा विचार अगदी आधी केला. पाणी नसेल तर तिथे किल्ला बांधू नये. बांधणं भागच असेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. एक झरा आहे म्हणून त्यावर विसंबू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुत्सद्द्यानं घातलेले हे प्रश्न आणि टाक्यावर पालथ्या पडलेल्या मुलीचे प्रश्न यांत काडीचा फरक नाही. शौचकूपांचं म्हणाल, तर राजगडाच्या तटबंदीत ते आजही पाहायला मिळतात. आपल्याकडे राज्य चालवणारी माणसं याचा विचार करत होती. आपण मात्र पोराला सांगतो, की असले प्रश्न गडावर विचारू नयेत, गडाचा अपमान होतो.

त्याच आज्ञापत्रात केराबद्दलही बजावलं आहे. वाटांवर, बाजारात, तटाजवळ काडीकचरा पडू देऊ नये. तो गडाखालीही लोटायचा नाही. जागच्या जागी जाळून राख परसात टाकायची आणि तीवर भाजी पिकवायची. आजच्या कुटुंबाचा केराबद्दलचा नियम सोपा आहे: भज्यांची डिश वाऱ्यानं उडाली तर ती निसर्गाची चूक. रिकाम्या बाटलीला वारा लागत नाही, म्हणून तिला थोडी मदत करावी लागते. आणि हे सगळं ‘जय भवानी’ लिहिलेला टीशर्ट घालून.

जेवणाविषयी मात्र माझी काहीही तक्रार नाही. गडावरच्या मावश्यांची भाकरी, पिठलं, ठेचा आणि मडक्यातलं दही यांच्यावर टीका करणाऱ्याला पुण्यात राहू देऊ नये. इतिहास दाखवण्याची मोहीम इथे पोचते आणि बराच वेळ इथेच मुक्काम करते. मुलं मॅगी मागतात, कारण आता तीही मिळते. मग ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ यावर व्याख्यान होतं आणि मॅगी येते. भाकरी थापणाऱ्या मावशींना कुणी विचारलं तर त्या कुठला बुरूज कुठे, कोणत्या टाक्याचं पाणी आटतं आणि कोणत्याचं नाही, सगळं सांगतील. त्यांना विचारलं जातं ते एवढंच: ‘गूगल पे चालतं ना?’

जेवणानंतर कल्याण दरवाज्याकडे जायचा बेत असतो. तो उताराला आहे असं कळतं, आणि उतरलेलं परत चढावं लागतं हेही. बेत रद्द. राजाराम महाराजांची समाधी ‘पुढच्या वेळी’. १७०० साली छत्रपतींनी देह ठेवला तो याच गडावर, पण पाटीपर्यंत चालत जायला ऊन फार आहे. टिळकांच्या बंगल्यासमोर फोटो होतो. १९१५ साली गांधीजी टिळकांना इथेच भेटले होते. ते मुलांना सांगितलं जात नाही, कारण आजोबा आणि बाबा यांचं गांधीजींबद्दल एकमत नाही आणि घाट अजून उतरायचा आहे. नाग नायक कोळ्यानं हाच गड मुहम्मद तुघलकाविरुद्ध झुंजवला, हे तर कुणाच्या गावीही नसतं. शिबिराच्या रंगवायच्या चित्रात तो नाही.

निघताना धाकटा एका बुरुजाशी मातीत बसलेला सापडतो. त्यानं ओल्या मातीचा ढिगारा केलाय, त्याला दगडांचा तट घातलाय, काडीचा झेंडा लावलाय आणि एका खळग्यात पाणी ओतून टाकं केलंय. दिवसभरात गडावर झालेलं हे एकमेव इतिहासाचं काम. ‘ऊठ! कपडे बघ!’ त्याला उचलून, हात जंतुनाशकानं पुसून गाडीत टाकतात. हेच कुटुंब दिवाळीत बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणतं, रंगवलेला, बुरूज आधीच जोडलेले. आळीव पेरायला जागा नाही, माती कालवायची नाही, भांडायचं नाही. वर महाराज बसवायचे, खाली फटाके लावायचे, फोटो काढायचा. ज्या पोराला गडावर मातीत हात घालू दिला नाही, त्याला घरच्या गॅलरीत तरी का घालू द्यावा? घराणं सुसंगत आहे, एवढं मान्य केलं पाहिजे.

खाली उतरताना पुन्हा तीच रांग. मागच्या सीटवर तिन्ही मुलं झोपलेली, फेटा एकाच्या तोंडावर. पुढे बाबा स्टेटस टाकताहेत: ‘नव्या पिढीला इतिहासाशी जोडताना.’ फोटोत बाबा आहेत, ढाल बाबांच्या हातात आहे, नव्या पिढीचा एक कान आहे.

तेव्हा वाचकहो, मुलांना गडावर न्यायचंच असेल तर रविवार सोडा. कुठल्याही मंगळवारी पहिली बस पकडून पायथ्याच्या आतकरवाडीत उतरा आणि पायवाटेनं वर चढा. मुलं तुमच्या आधी पोचतील. वर गेल्यावर त्यांना टाक्यापाशी सोडा, मातीत बसू द्या, आणि तुम्ही मावशींपाशी बसून त्या काय सांगतात ते ऐका. शाळा एक दिवस बुडेल. खुशाल बुडवा.