गॅस्केटचं तेवढं काम आहे

जुन्या गाड्यांच्या बाजारात वाईट गाडी मिळतच नाही. जी ती गाडी एकहाती, डॉक्टरांनी वापरलेली आणि फार तर देवदर्शनाला गेलेली. अशा ठिकाणी कुणी आपण होऊन ‘हेड गॅस्केट गेलंय, तेवढं करून घ्यावं लागेल’ असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याने त्याच्या पाया पडावं की पळ काढावा?

माझा भाचा पळायच्या बेतात होता. विकणारे निवृत्त हेडमास्तर. चहा यायच्या आत त्यांनी दोष सांगून टाकला. भाचा माझ्या कानाशी लागला, “मामा, एवढं सांगतायत म्हणजे आणखी काहीतरी असणार.” आदल्याच रविवारी एका एजंटचं ‘इंजिन एकदम मख्खन’ हे वाक्य याच मुलाने माना डोलावत ऐकलं होतं.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा प्रत्येक गाडीत खोड धरूनच भाव करतो, आणि ज्याची गाडी खरंच चांगली आहे तो असला भाव ऐकून ती घरीच ठेवतो. बाजारात राहतात त्या बाकीच्या. २००१ साली अकरलॉफना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आपल्याकडे हे ज्ञान गॅरेजसमोरच्या स्टुलावर फुकट मिळतं. नोबेलची सोय मात्र नाही.

हेड गॅस्केट ही तशी गरीब वस्तू. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये चेपून बसवलेला पातळ थर. सिलिंडरमधला जाळ, कुलंट आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त पसरतं. हद्दीबाहेर तापलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट हात टेकतं. मग खाली थेंब न सांडता कुलंट कमी होत जातं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, आणि ऑइलचं झाकण उघडावं तर आत दूध जास्त झालेला चहा.

गॅस्केटची किंमत किरकोळ असते. पण ते बदलायचं म्हणजे हेड उतरवा, तडा तपासा, फेसिंग मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून आणा, मग बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने आवळा. शिवाय ‘उघडलंच आहे तर टायमिंग बेल्टही टाकून घेऊ’, ‘पाण्याचा पंपही बघू’. पैसे जातात ते इथे.

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा हातात घेऊन उभे राहिलेले फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना गाडी तापण्याचं काही वाटत नाही. ते फियाटवाले थांबत. हल्ली डबा कुणी बाळगत नाही आणि थांबायला वेळही नसतो.

आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी बॉनेटला हातही न लावता विचारलं, “सर, काटा लालवर गेल्यावर गाडी किती चालवली?”

सर जरा घुटमळले. “नातीचा क्लास सुटायचा होता.”

“किती?”

“कात्रज ते वारजे.”

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. “फेसिंगमध्ये निघालं तर ठीक. नाहीतर हेडच नवीन.”

भाव आम्ही नव्या हेडचा खर्च वजा करून सांगितला आणि सरांनी तो मानला. त्याखाली आणखी घासायचा भाच्याचा विचार दिसला, तेव्हा मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. खरं बोलल्याचा दंड किती लावायचा याला मर्यादा हवी.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणावं. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. मिस्त्री न्याच, आणि काट्याचं विचारायला विसरू नका. उत्तर देताना जो जरा घुटमळेल, त्याच्याशी व्यवहार करायला हरकत नाही.